पूर्वेचे पाणी, पश्चिमेची नदी: पाताळगंगेचा हिशेब कुठे मांडायचा?

१/ नवी मुंबईचा इतिहास सांगताना आपण बहुधा १७ मार्च १९७० पासून, म्हणजे सिडकोच्या स्थापनेपासून, आरंभ करतो. परंतु हाच इतिहास शहराच्या पाण्याच्या वाटेने शोधू लागलो तर तो वाशीच्या पुलाशी थांबत नाही. तो पनवेल ओलांडतो, खोपोलीला पोहोचतो, बोरघाट चढतो आणि लोणावळ्याच्या तलावांच्या काठाशी, १९११ सालात जाऊन थबकतो. आजचा धागा या वाटेचा आहे. घाटमाथ्यावरील तलावांपासून निघू, पाताळगंगेच्या काठाकाठाने उतरू आणि खाडीपर्यंत जाऊ.

२/ धाग्याचे म्हणणे आरंभीच सांगतो, म्हणजे वाचताना ते तपासता येईल. आपण पाण्याचा हिशेब नेहमी उगमाशी मांडतो. धरण किती भरले, पातळी किती मीटरला आली, किती दिवसांचा साठा आहे, एवढेच आपण विचारतो. माझ्या मते तो हिशेब अर्धा आहे. नदी जिथे संपते तिथे काय पोहोचले, हे पाहिल्याशिवाय जलसंधारण हा शब्द पुरा होत नाही. पाताळगंगेचा शंभर वर्षांचा इतिहास हेच सांगतो.

३/ प्रथम भूगोल. सह्याद्रीचा माथा हा पाणी विभागणारा कणा. माथ्याच्या पश्चिमेला पडलेला थेंब काही तासांत कोकणात उतरतो आणि अरबी समुद्राला मिळतो. माथ्याच्या पूर्वेला पडलेला थेंब मात्र लांबच्या प्रवासाला निघतो. लोणावळ्याजवळ कुरवंडे परिसरात उगम पावणारी इंद्रायणी देहू-आळंदीवरून तुळापूरला भीमेस मिळते. भीमा पंढरपूरला चंद्रभागा म्हणवते, पुढे कृष्णेत विलीन होते आणि ते पाणी अखेर बंगालच्या उपसागरात जाते. लोणावळ्याच्या परिसरात वर्षाला सरासरी ४,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. सोलापूरकडच्या अवर्षणप्रवण मुलखाची तहान भागवणाऱ्या नदीचा आरंभ एवढ्या पावसाच्या प्रदेशात होतो, हे ध्यानात ठेवू. पुढच्या साऱ्या कथेचे मूळ तिथे आहे.

४/ या मुलखाला पाणी साठवण्याची शिकवण नवी नव्हती. पाताळगंगेच्या खोऱ्यावर नजर ठेवणारे किल्ले आठवा: इर्शाळगड, प्रबळगड, माणिकगड आणि खाडीच्या बाजूला कर्नाळा. कर्नाळ्याच्या सुळक्याच्या पायथ्याशी खडकात खोदलेली टाकी आजही पाहता येतात. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडाच्या पाण्याविषयी जो विचार आहे, त्याचा आशय असा: किल्ला बांधण्याआधी पाणी पाहावे; नसेल तर खडक फोडून टाकी बांधावीत; झरा आहे म्हणून निर्धास्त राहू नये, कारण युद्धाच्या धामधुमीत झरे आटतात; आणि साठवलेले पाणी जपावे. मूळ पाणी आणि राखीव पाणी यांत भेद करणारी ही दृष्टी अठराव्या शतकाच्या आरंभीची आहे.

५/ दुसरे उदाहरण खोपोलीचे. मुंबईहून पुण्यास जाणारा वाटसरू पनवेल बंदरात उतरून खोपोलीपर्यंत येई आणि घाट चढण्यापूर्वी इथे विसावा घेई. या ठिकाणी नाना फडणवीसांनी मोठा तलाव आणि महादेवाचे मंदिर बांधले. एकोणिसाव्या शतकातील प्रवासवर्णनांत व गॅझेटिअरमध्ये त्याचा उल्लेख येतो. पावसाळ्यात धो धो वाहून जाणारे पाणी अडवून माणसे, बैल आणि घोडे यांच्यासाठी ते बारमाही ठेवणे, एवढाच त्या तलावाचा हेतू. ज्या गावात हा तलाव आहे, त्याच गावात पुढे पाण्याचा अगदी निराळा वापर सुरू झाला.

६/ विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या गिरण्या दगडी कोळशावर चालत. तो कोळसा दूर बंगालकडून येई आणि गिरणगावावर धुराचे छत धरी. घाटमाथ्यावरील पाण्यापासून वीज निर्माण करावी ही कल्पना डेव्हिड गॉस्टलिंग या मुंबईच्या वास्तुविशारदाने मांडली आणि जमशेदजी टाटांनी ती उचलून धरली. १९०४ मध्ये जमशेदजी निवर्तले. काम पुढे दोराबजी टाटांनी नेले. ८ फेब्रुवारी १९११ रोजी गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या हस्ते लोणावळ्यात पायाभरणी झाली आणि १९१५ मध्ये खोपोलीच्या वीजघरातून मुंबईला वीज मिळू लागली.

७/ योजनेचे तंत्र सोपे आणि धाडसी होते. लोणावळा, वळवण आणि शिरवटा या तलावांत पावसाचे पाणी अडवायचे, ते कालव्यांतून कड्याच्या टोकाशी आणायचे आणि पोलादी नळांतून सुमारे ५०० मीटर खाली खोपोलीला सोडायचे. एवढ्या उंचीवरून आलेल्या पाण्याच्या दाबाने चक्रे फिरतात, वीज तयार होते आणि चक्रे फिरवून झालेले पाणी पाताळगंगेच्या पात्रात जाते. मुंबईच्या विजेच्या इतिहासात याचे श्रेय मोठे आहे आणि ते नाकारण्याचे कारण नाही. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने यातील दुसरी गोष्टही पाहावी. जे पाणी भीमेच्या खोऱ्यातून पूर्वेला जाणार होते, ते आता पश्चिमेला वळले होते.

८/ अशा रीतीने एका कोकणी नदीचा स्वभाव बदलला. कोकणातल्या बहुतेक नद्या पावसाळ्यात उफाळतात आणि उन्हाळ्यात खडकांवर येतात. पाताळगंगा मात्र उन्हाळ्यातही वाहू लागली, कारण तिच्या पात्रात घाटमाथ्यावरचे साठवलेले पाणी रोज उतरत होते. आपण जिला बारमाही नदी म्हणतो, तिचे बारमाहीपण निसर्गाचे नाही, वीजघराचे आहे. वीजनिर्मिती मंदावली की प्रवाह मंदावतो आणि त्या प्रवाहावर उभ्या असलेल्या पाणीयोजनांचे कामही मंदावते. आज पाताळगंगेच्या काठावर जे जे उभे आहे, ते या एका व्यवस्थेवर विसंबून आहे.

९/ खोपोलीनंतर हीच रीत दोन ठिकाणी वापरली गेली. आंद्रा नदीवरील ठोकरवाडी धरणाचे पाणी कर्जतजवळ भिवपुरीच्या वीजघरातून १९२२ पासून उल्हास नदीत येऊ लागले. मुळा नदीवरील मुळशी धरणाचे पाणी १९२७ पासून भिरा येथून कुंडलिकेत उतरू लागले. पाताळगंगा, उल्हास आणि कुंडलिका या कोकणातल्या तीन नद्यांना घाटावरच्या पाण्याचा आधार मिळाला. आजचे ठाणे आणि रायगड जिल्ह्यांतील औद्योगिक पट्टे या तीन नद्यांच्या काठांवर वाढले, हा योगायोग नव्हे.

१०/ या पाण्याची किंमत कुणी दिली, हे मुळशीने प्रथम जगासमोर आणले. धरणाखाली ५२ गावांची जमीन जाणार होती. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी सत्याग्रह आरंभला. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट हे त्याचे पुढारी. बापटांना ‘सेनापती’ ही उपाधी याच लढ्याने दिली. तीन वर्षे झुंज चालली, धरण झालेच. पण धरणाविरुद्धचे जगातील आरंभीचे संघटित आंदोलन म्हणून मुळशीचे नाव आज घेतले जाते. मुळशीचे पाणी पाताळगंगेत येत नाही, हे खरे. तरीही ज्या पद्धतीने आपल्या नदीला पाणी मिळाले, त्या पद्धतीचा हा दुसरा चेहरा आहे. तो वगळून पाताळगंगेची कथा सांगता येणार नाही.

११/ किंमत मोजणारा दुसरा पक्ष घाटाच्या पलीकडे होता. कृष्णा खोऱ्याच्या पाणीवाटपासाठी १९६९ मध्ये नेमलेल्या बच्छावत लवादाने हे पश्चिमेकडे वळवलेले पाणीही मोजले आणि त्याला मर्यादा घातली. टाटांच्या जलविद्युत योजनांसाठी भीमेच्या वरच्या खोऱ्यातून एका जलवर्षात ५४.५ टीएमसीहून अधिक आणि सलग पाच वर्षांत मिळून २१२ टीएमसीहून अधिक पाणी बाहेर नेता येणार नाही, असे लवादाने ठरवले. पाच वर्षांची सरासरी काढली तर ही मर्यादा वर्षाला ४२.४ टीएमसी होते. नवी मुंबईच्या मोरबे धरणाची क्षमता सुमारे १९० दशलक्ष घनमीटर, म्हणजे पावणेसात टीएमसीच्या आसपास. दरवर्षी सहा मोरबे धरणे भरतील एवढ्या पाण्याचा हा प्रश्न आहे.

१२/ म्हणूनच दुष्काळ पडला की घाटावरून मागणी येते: ही वीज आता दुसरीकडून मिळवता येईल, पाणी पूर्वेला परत द्या. मागणी न्याय्य वाटते, आणि बऱ्याच अंशी ती न्याय्य आहेच. पण इतिहास अशा सोप्या रीतीने उलटा फिरवता येत नाही. शंभर वर्षांत या पाण्यावर खोपोलीपासून खाडीपर्यंत गावे, कारखाने आणि शहरे उभी राहिली. त्यांचाही आता काही हक्क तयार झाला आहे. माझे म्हणणे एवढेच, की दुसऱ्या खोऱ्यातून आलेले पाणी वापरणाऱ्यावर अधिक जबाबदारी येते. पंढरपूरच्या वाटेवरचे पाणी आपण घेत असू, तर ते उधळण्याची मुभा आपल्याला नाही.

१३/ आता नदीबरोबर खाली उतरू. खोपोलीच्या कारखान्यांनंतर खालापूर, मग रसायनी. या गावाच्या नावातच त्याचा इतिहास आहे. १९६० मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्सने इथे आपला कारखाना उभारला आणि पुढे पाताळगंगा औद्योगिक क्षेत्र वाढले. आज ‘पाताळगंगा’ म्हटले की अनेकांना आधी एमआयडीसी आठवते, नदी नंतर. कारखान्यांनी रोजगार दिला, हे मान्य करू. पण केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये प्रदूषित नदीपट्ट्यांची जी यादी काढली, तीत पाताळगंगेचेही नाव होते. एकाच पात्रातून पिण्याचे पाणी उचलायचे आणि त्याच पात्रात सांडपाणी सोडायचे, असा हा व्यवहार.

१४/ नवी मुंबईची कल्पना जन्मली ती १९६५ मध्ये, जेव्हा चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी ‘मार्ग’ या नियतकालिकात मुंबईच्या समोरच्या किनाऱ्यावर नवे शहर वसवण्याचा विचार मांडला. पुढे ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी या शहरासाठी निश्चित झाल्या. त्या जमिनींच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जो लढा झाला, त्यात जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरातील गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. शहराच्या जमिनीचा हा इतिहास आपण जाणतो. शहराच्या पाण्याचा इतिहास मात्र फारसा सांगितला जात नाही.

१५/ आरंभीच्या दशकांत शहराकडे स्वतःचे पाणी नव्हते. काही पाणी जीवन प्राधिकरणाच्या पाताळगंगा योजनेतून येई, काही एमआयडीसीच्या बारवी योजनेतून, तर पेणजवळच्या हेटवणे धरणातून सिडकोच्या वसाहतींना. १ जानेवारी १९९२ पासून नवी मुंबई महानगरपालिकेचा कारभार सुरू झाला. पालिकेने २००२ मध्ये मोरबे धरण प्रकल्प जीवन प्राधिकरणाकडून विकत घेतला. पाताळगंगेला मिळणाऱ्या धावरी नदीवर, खालापूर तालुक्यात, हे धरण आहे. स्वतःच्या मालकीचे धरण असलेली महापालिका देशात विरळाच. हा निर्णय दूरदृष्टीचा होता, आणि आज शेजारची उपनगरे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात तेव्हा त्याचे मोल कळते.

१६/ परंतु मालकी आणि जबाबदारी एकत्रच यायला हवी. मोरबेचे पाणी जिथे साठते तिथे गावे होती, शेती होती. त्या प्रकल्पग्रस्तांची पुनर्वसनाची मागणी धरण भरल्यानंतरही कित्येक वर्षे आंदोलनांतून ऐकू येत राहिली. जलाशयाच्या वर, इर्शाळगडाच्या अंगावर, ठाकर समाजाची इर्शाळवाडी होती. १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली आणि वाडी गाडली गेली. त्या दुर्घटनेचा ठपका मी धरणावर ठेवत नाही. पण त्या दिवसांत शहरातल्या कित्येकांना प्रथमच कळले, की आपल्या जलाशयाच्या उशाशी माणसे राहतात आणि त्यांच्या वाडीपर्यंत धड रस्ताही नाही. ज्यांच्या डोंगरावरून पाणी येते त्यांची ओळख आपल्याला आपत्तीने करून द्यावी, ही गोष्ट लाजिरवाणी आहे.

१७/ मोरबेचे पाणी भोकरपाड्याला शुद्ध होते आणि जलवाहिन्यांतून बेलापूर, नेरूळ, वाशी, कोपरखैरणे, ऐरोलीकडे जाते. इथे नदीच्या वाटेला दुसरे वळण मिळते. धावरीचे पाणी नैसर्गिक वाटेने पाताळगंगेतून खारपाड्यापाशी खाडीत आणि पुढे धरमतरला गेले असते. आता ते आपल्या स्वयंपाकघरांतून, न्हाणीघरांतून आणि मलनिस्सारण केंद्रांतून ठाण्याच्या खाडीत जाते. म्हणजे आपल्या नदीला दोन शेवट आहेत. एक पात्राचा, धरमतरच्या खाडीत. दुसरा गटाराचा, ठाण्याच्या खाडीत. धरणाची पातळी आपण रोज वाचतो; या दोन शेवटांची पातळी कोण वाचते?

१८/ खाडीला आपण सहसा शेवट मानतच नाही. पाणी समुद्राला मिळाले की विषय संपला, अशी आपली समजूत. खाडीकाठच्या आगरी-कोळी समाजाची समजूत निराळी होती. भरतीचे खारे पाणी बाहेर ठेवायचे आणि पावसाचे गोडे पाणी ओहोटीला बाहेर सोडायचे, यासाठी त्यांनी मातीचे बांध घातले आणि बांधांना उघाड्या, म्हणजे झडपेची दारे, बसवल्या. खाजणातून अशी भातजमीन निर्माण करून ती राखणाऱ्यांचा शिलोत्री हा स्वतंत्र जमीनधारा कुलाबा जिल्ह्यात होता. बांध फुटला तर साऱ्या गावाचे भात जाई, म्हणून तो राखणे साऱ्या गावाचे काम असे. नदीच्या शेवटाची देखभाल हा तिथे जगण्याचा भाग होता.

१९/ गंमत अशी, की नव्या शहरालाही तेच करावे लागले. भरतीच्या पातळीखालच्या जमिनीवर शहर वसवताना सिडकोने धारण तलाव बांधले. भरतीच्या वेळी पाऊस पडला तर पाणी तिथे थांबते, ओहोटी लागली की झडपांतून खाडीत जाते. तत्त्व उघाडीचेच, आकार मोठा. पण बांध राखणारे गाव नाहीसे झाले होते. तलावांत गाळ साचला, कांदळवन वाढले आणि त्यांची सफाई कुणी व कशी करावी हा वादाचा विषय झाला. गावोगावच्या तळ्यांचेही तेच. नळ आला आणि तळे फक्त विसर्जनापुरते उरले.

२०/ शेवटाकडे पाठ फिरवली की काय होते, याचे एक चित्र २०१७ च्या ऑगस्टमध्ये साऱ्या जगाने पाहिले. तळोजा औद्योगिक वसाहतीत निळ्या रंगाची कुत्री फिरताना दिसली. कासाडी नदीच्या पाण्याबद्दल तिथले मच्छीमार त्यापूर्वीच तक्रार करीत होते. माशांवर पोट असलेल्या माणसांचे म्हणणे बातमी ठरले नाही. कुत्र्यांचा रंग बातमी ठरला. खाडीतील मासळी हा आपल्या पाण्याचा खरा अहवाल असतो, आणि तो वाचणारे लोक आजही दिवाळे, सारसोळे, वाशी, ऐरोलीच्या कोळीवाड्यांत आहेत. पाण्याचे निर्णय होतात त्या बैठकीत त्यांना खुर्ची नसते.

२१/ इथे अमेरिकेतील एक उदाहरण उपयोगी पडेल. ट्रकी ही नदी ताहो या पर्वतावरील निळ्याशार सरोवरातून निघते आणि नेवाडाच्या वाळवंटातील पिरॅमिड सरोवरात संपते. ती समुद्राला मिळतच नाही. १९०५ मध्ये डर्बी धरण बांधून तिचे पाणी शेतीसाठी दुसऱ्या खोऱ्यात वळवले गेले. परिणाम शेवटाशी दिसले. शेजारचे विनेमुका सरोवर १९३० च्या दशकात कोरडे पडले. पिरॅमिड सरोवराची पातळी सुमारे ८० फूट खाली गेली. तिथला प्रसिद्ध ट्राउट मासा सरोवरातून नाहीसा झाला आणि क्वी-उई हा केवळ तिथेच सापडणारा मासा संकटात आला.

२२/ तिथल्या पैयूट आदिवासींसाठी तो मासा म्हणजे त्यांची ओळखच. त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या न्यायालयात लढा दिला. वरच्या बाजूच्या स्टॅम्पीड धरणातील पाणी माशांसाठी राखून ठेवणे न्यायालयाने वैध मानले. १९९० मध्ये पाणीहक्कांच्या तडजोडीचा कायदा झाला आणि नदी चालवण्याचा सर्वपक्षीय करार २०१५ पासून अमलात आला. त्या करारात शहर, शेती आणि वीज यांच्याबरोबर शेवटच्या सरोवराचेही नाव आहे. ट्रकीचा शेवट झाकता येत नव्हता. सरोवर उघड्यावर आटत होते. आपल्या नदीचा शेवट भरतीच्या पाण्याखाली झाकला जातो, एवढाच फरक. खाडी कधी कोरडी दिसत नाही, म्हणून आपला हिशेब कुणी विचारत नाही.

२३/ अर्थात आपल्याकडेही एक साक्षीदार आहे. दर हिवाळ्यात ठाण्याच्या खाडीत रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. २०१५ मध्ये खाडीचा काही भाग रोहित पक्षी अभयारण्य घोषित झाला आणि २०२२ मध्ये खाडीला रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला. नवी मुंबईने या गुलाबी पक्ष्याला आपली ओळखच करून घेतली. चौकाचौकांत त्याचे पुतळे आणि भित्तिचित्रे आहेत. ही हौस चांगली आहे. पण ज्या चिखलात तो पक्षी अन्न शोधतो, तो आपल्या नदीच्या दुसऱ्या शेवटाचा चिखल आहे. पुतळा उभारणे सोपे, चिखल राखणे कठीण.

२४/ कुणी म्हणेल, शहराने बरेच केले आहे. खरे आहे. नवी मुंबईची मलनिस्सारण केंद्रे अनेक शहरांपेक्षा सरस आहेत. ऐरोली आणि कोपरखैरणे येथे प्रत्येकी २० दशलक्ष लिटर क्षमतेची तृतीय स्तरावरील प्रक्रिया केंद्रे उभारून ते पाणी उद्योगांना देण्याची योजना आखली गेली. हेच खरे जलसंधारण, असे मी मानतो. कारण पुन्हा वापरलेला प्रत्येक लिटर म्हणजे घाटमाथ्यावरून किंवा धावरीतून कमी उचललेला लिटर. माझा आक्षेप वेगळा आहे. हे काम अजून ‘अतिरिक्त’ समजले जाते. धरण भरले की त्याची निकड ओसरते. आज्ञापत्राच्या भाषेत सांगायचे तर झरा वाहतो आहे म्हणून आपण टाके बांधण्याचे लांबवतो.

२५/ मग काय करावे? चार गोष्टी सुचवतो. पहिली: मोरबेच्या पातळीबरोबर दोन्ही खाड्यांत सोडलेल्या पाण्याची प्रत आणि प्रमाण त्याच फलकावर, त्याच दिवशी जाहीर व्हावे. दुसरी: पाताळगंगेच्या पात्रात खाडीपर्यंत किमान किती पाणी वाहिले पाहिजे हे ठरवून त्यावर नदीचा पहिला हक्क मानावा. तिसरी: पाणलोटातील वाड्यांना पाणी, रस्ता आणि सुरक्षित घर हा उपकार नव्हे, तो पाण्याच्या दराचाच भाग समजावा. चौथी: कोळीवाड्यांचे आणि पाणलोटातील गावांचे प्रतिनिधी पाण्याच्या निर्णयात बसावेत. यांपैकी एकाही गोष्टीसाठी नवे धरण लागत नाही.

२६/ इतिहासप्रेमी मित्रांना शेवटी एक विनंती. पुढच्या वेळी कर्नाळ्याला जाल तेव्हा टाक्यांपाशी थोडे थांबा आणि पायथ्याच्या मुलखात पाताळगंगा कुठून कुठे जाते ते नकाशावर शोधा. खोपोलीला गेलात तर नाना फडणवीसांचा तलाव पाहा, मग घाटातले वीजघराचे नळ पाहा. आणि घरी किंवा शेजारच्या गावठाणात जे वडीलधारे असतील त्यांना एकच प्रश्न विचारा: सिडकोचा नळ येण्यापूर्वी इथे पाणी कुठून यायचे? तळे कुठले, विहीर कुणाची, बांध कोण राखायचे? उत्तरे लिहून ठेवा आणि या धाग्याखाली सांगा. किल्ल्यांच्या बखरी बऱ्याच झाल्या. आपल्या पाण्याची बखर अजून लिहायची आहे, आणि तिची पाने त्या वडीलधाऱ्यांच्या आठवणींत आहेत. ती माणसे आहेत तोवरच ती मिळतील.